मलेरियाची गोळी स्वस्त झाली, पण चाचणी मागे का राहिली?

टांझानियातल्या एखाद्या खेड्यात मुलाला ताप भरला की घरची माणसं आधी कुठे धाव घेतात? अनेकदा सरकारी दवाखान्यात नाही. तो लांब असतो, तिथे रांग असते आणि इतकं चालून गेल्यावर ‘औषध संपलं’ असं ऐकायला मिळू शकतं. हाकेच्या अंतरावर असतं ते गोळ्यांचं दुकान. स्वाहिली भाषेत त्याला ‘दुका ला दावा’ म्हणतात. मराठी माणसाला हे शब्द ओळखीचे वाटतील, कारण दुकान आणि दवा या शब्दांचं मूळही तेच, अरबी.

जगातला मलेरियाविरोधी लढा बऱ्याच अंशी या दुकानाच्या काउंटरवर अडकलेला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागातले. तिथे मरण पावणाऱ्या दर चारांपैकी तिघं पाच वर्षांखालची मुलं असतात.

औषध आहे, मग अडचण काय?

एकेकाळी क्लोरोक्विन अगदी किरकोळ किमतीत मिळायचं. पण आफ्रिकेत पसरलेल्या फाल्सिपेरम जातीच्या परजीवीवर ते चालेनासं झालं. मग आलं आर्टेमिसिनिन. चीनमधल्या एका वनस्पतीपासून ते वेगळं करण्याच्या कामासाठी तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं. आर्टेमिसिनिन वर्गातलं औषध दुसऱ्या औषधासोबत द्यायचं, या उपचाराला एसीटी म्हणतात. साधारण तीन दिवसांचा कोर्स. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करते आहे.

पण सुरुवातीच्या काळात हा कोर्स क्लोरोक्विनच्या कितीतरी पट महाग होता. त्यामुळे लोक दुकानातून जुनंच, निकामी झालेलं औषध नेत राहिले.

हिरव्या पानाची खूण

२००४ मध्ये अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांच्या अध्यक्षतेखालच्या अमेरिकी समितीने एक कल्पना मांडली. अनुदान रुग्णाला देण्याऐवजी थेट वर, म्हणजे कारखान्यातून माल निघतानाच द्यायचं. मग घाऊक व्यापाऱ्यापासून खेड्यातल्या दुकानापर्यंत सगळीकडे किंमत आपोआप उतरेल.

यातूनच ग्लोबल फंडाची एएमएफएम ही योजना २०१० च्या सुमारास केनिया, घाना, नायजेरिया, युगांडा, टांझानिया, मादागास्कर, नायजर अशा देशांत सुरू झाली. अनुदानित पाकिटांवर हिरव्या पानाचं चित्र असायचं, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही ओळखता यावं. गोळ्या पुरवणाऱ्यांत सिप्ला, इप्का, अजंता या मुंबईच्या कंपन्याही होत्या.

नायजर आणि मादागास्करमध्ये योजनेचा फारसा प्रभाव दिसला नाही. बाकी बहुतेक ठिकाणी मात्र किमती उतरल्या आणि दुकानांत माल दिसू लागला. तरीही २०१२ च्या अखेरीस ही योजना स्वतंत्रपणे न चालवता नेहमीच्या अनुदानात विलीन करायचं ठरलं. टीकाकारांचा मुख्य आक्षेप होता की किराणा विकावा तशा मलेरियाच्या गोळ्या विकल्या जाताहेत. ताप मलेरियाचाच आहे का, हे बघतंय कोण?

आक्षेपात तथ्य होतं. पश्चिम केनियात जेसिका कोहेन, पास्कलिन द्युपा आणि सिमोन शेनर या संशोधकांनी दुकानांवर प्रयोग केला. त्यात भरघोस अनुदानामुळे औषध कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोहोचलं, पण अनुदानाच्या जवळपास निम्म्या गोळ्या मलेरिया नसलेल्यांच्या पोटात गेल्या. मलेरिया नसलेल्यांत मोठी माणसं जास्त होती.

यात नुसता पैसा वाया जात नाही. ताप न्यूमोनियाचा असेल, तर मलेरियाच्या गोळ्या देऊन तीन दिवस वाट बघणं लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

चाचणी तर सोपी आहे ना?

हो, सोपी आहे. बोटातून रक्ताचा एक थेंब, एक पट्टी आणि पंधरा-वीस मिनिटं. मोठ्या खरेदीत किटची किंमत एक डॉलरपेक्षा कमी पडते. उपचाराआधी चाचणी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सगळ्या वयोगटांसाठी सांगते आहे.

पण दुकानदाराच्या जागी उभं राहून बघितलं की गाडी कुठे अडते ते कळतं. चाचणी निगेटिव्ह आली, तर त्याची गोळ्यांची विक्री बुडते. गिऱ्हाइकाने चाचणीचे पैसे मोजलेले असतात आणि ताप तसाच असतो, त्यामुळे तेही गोळ्या मागतं. शिवाय औषध दुकानात रक्त तपासायला अनेक ठिकाणी कायद्याने परवानगी नव्हती.

किटचीही एक अडचण पुढे आली. बहुतेक किट परजीवीचं एक ठरावीक प्रथिन शोधतात. काही परजीवींमध्ये त्या प्रथिनाचं जनुकच नसतं, त्यामुळे मलेरिया असूनही पट्टी निगेटिव्ह येते. एरिट्रियाला याच कारणाने २०१६ मध्ये किट बदलावे लागले. त्याच एरिट्रियात, तसंच रवांडा, युगांडा आणि टांझानियात आर्टेमिसिनिनला अंशतः दाद न देणारे परजीवीही सापडले आहेत.

निगेटिव्ह आल्यावर पुढे काय?

गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत आशा कार्यकर्ती घरीच रक्त तपासते आणि मलेरिया निघाला तर गोळ्या देते. दोन्ही मोफत, त्यामुळे विक्रीचा प्रश्नच नाही. आफ्रिकेतल्या अनेक देशांत गावपातळीवरचे आरोग्यसेवक याच्याही पुढे जातात. चाचणी निगेटिव्ह आली की घड्याळ लावून मुलाचे श्वास मोजतात. ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा जलद असतील तर न्यूमोनियासाठी अ‍ॅमॉक्सिसिलिन देतात. जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक असतंच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ या दोन्ही संस्था या पद्धतीच्या बाजूने आहेत.

मात्र या सेवकांच्या पेटीतला माल बऱ्याच ठिकाणी परदेशी मदतीवर येतो. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा मलेरियाच्या कामालाही त्याचा फटका बसला. पेटीतले किट संपले की तापलेल्या मुलाला घेऊन घरची माणसं पुन्हा त्याच दुका ला दावाच्या दारात उभी राहतात.