शस्त्रापूर्वीचे अनुमान



वसंतातल्या प्रसन्न संध्याकाळी लघवीच्या विकाराची चर्चा कशाला मांडली, असे कोणी मनात म्हणेल. तथापि पोलादपूरच्या डोंगरवाडीतला सत्तरीचा गृहस्थ प्रोस्टेटच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करून घेण्यास मुंबईला निघतो, तेव्हा मरणाच्या भयाबरोबर दुसरेही एक भय त्याला ग्रासून असते. पुढे लघवी आवरेल ना? एस. टी.त, पंगतीत, देवळात चारचौघांत बसता येईल ना? हा प्रश्न तो बायकोमुलांजवळही काढीत नाही. त्याचे आगाऊ उत्तर देण्याचा यत्न वैद्यकाने कसकसा केला, तेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

आरंभ सुश्रुतापासून करणे प्राप्त आहे. मूतखड्याची शस्त्रक्रिया सांगताना कोणता भाग दुखावला असता कोणती हानी होते, हे त्याने क्रमाने दिले आहे. त्यात मूत्र सतत झरत राहण्याचाही उल्लेख आहे. शस्त्र न चालवल्यास मृत्यू निश्चित, चालवल्यास संशय. म्हणून आधी अनुज्ञा घ्यावी, असेही तो बजावतो. धोका आधी ओळखावा आणि तो आधी बोलावा, ही दोन्ही तत्त्वे येथे आलीच.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रमार्ग तिच्या मधूनच जातो, आणि लघवी आवरणारे स्नायू तिच्या वर व खाली असतात. हिंदुस्थानात वैद्यकीय नोकरी करून परतलेले पीटर फ्रेयर यांनी १९०० साली लंडनमध्ये वाढलेल्या ग्रंथीचा आतला गर काढण्याची रीत रूढ केली. तीत बाहेरचे कवच राहते. कर्करोगात मात्र कवचासह सबंध ग्रंथी काढावी लागते. ती शस्त्रक्रिया बाल्टिमोर येथे ह्यू यंग यांनी १९०४ साली केली. हिच्यात वरचा आधार बहुतांशी जातो आणि सारा भार खालच्या स्नायूवर पडतो. जीव वाचला, पण ताबा गेला, असे पुष्कळांच्या वाट्याला आले. कोणाच्या वाट्याला येईल, हे मात्र आधी सांगता येत नसे.

पुढे बाल्टिमोरचेच पॅट्रिक वॉल्श यांनी रक्तस्राव आवरण्याची रीत बसवली. रक्ताच्या डोहात चाचपडणारा हात आता डोळ्यांनी पाहून चालू लागला. १९८१ साली हॉलंडातील लायडेन येथे वृद्ध प्राध्यापक डोंकर यांच्यासह त्यांनी ग्रंथीलगतच्या मज्जातंतूंचा मार्ग शोधला, आणि १९८२ साली ते तंतू जपून शस्त्रक्रिया केली. शरीररचना कळली तेव्हाच अनुमानाला पाया मिळाला.

योगायोग असा, की त्याच १९८२ साली आपल्या महाड तालुक्यातील अनुमानाचे एक शास्त्र जगापुढे गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत. ते रोग्याच्या उशाशी बसून राहिले; उलट्या, अतोनात घाम, गार पडणारे हातपाय, सारे टिपून ठेवले, आणि हृदयावरच्या संकटाची ही पूर्वचिन्हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. पुढे प्राझोसिन या औषधाने त्यांनी कित्येकांचे प्राण वाचवले. हेच औषध वाढलेल्या प्रोस्टेटमुळे अडलेल्या लघवीवरही वापरले गेले आहे! पण आमचा मुद्दा औषधाचा नाही, रीतीचा आहे. जो टिपून ठेवतो, तोच आगाऊ सांगू शकतो.

प्रोस्टेटच्या बाबतीतही तेच घडले. हजारो रोग्यांच्या नोंदींवरून कळले, की वय अधिक, वजन अधिक किंवा लघवीची तक्रार आधीपासून असेल, तर ताबा परतण्यास वेळ लागतो. अमेरिकेतील संशोधकांनी २००२ साली दाखवले, की एम. आर. आय. चित्रात ग्रंथीखालचा मूत्रमार्गाचा तुकडा जितका लांब, तितका ताबा लवकर येतो. शस्त्रवैद्याचा अनुभव आणि तंतू जपले की नाही, यांनीही फरक पडतो. बहुतेकांना वर्षभरात पुष्कळसा ताबा येतो. कटितळाच्या स्नायूंचा जो व्यायाम अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली बाळंतिणींसाठी सांगितला, तो येथेही उपयोगी पडतो. ज्यांचा ताबा परतत नाही, त्यांच्यासाठी १९७० नंतरच्या दशकात कृत्रिम झडपही निघाली.

तरीही अनुमान ते अनुमानच. शंभरांतल्या किती जणांचे काय होईल, हे शास्त्र सांगते. समोरच्या एकाचे काय होईल, हे छातीठोकपणे सांगत नाही. शिवाय एका ठिकाणी एक पट्टी वापरणाराही बरा झालेला धरतात, दुसरीकडे अगदी कोरडा राहणाराच. म्हणून आकडा ऐकताना 'बरा' म्हणजे काय, हेही विचारावे.

आमची विनंती एवढीच. शस्त्रक्रियेपूर्वी वडील माणसाने हा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावा, त्याला जमत नसेल तर मुलाने विचारावा, आणि डॉक्टरांनी तो निघण्याची वाट न पाहता आपणहून सांगावे. व्यायाम आधीच शिकून घ्यावा. पूर्वसूचना मिळालेला माणूस त्रास धीराने सोसतो. न मिळालेला स्वतःलाच दोष देत घरात कोंडून घेतो. सुश्रुताने अनुज्ञा मागितली, तिचा अर्थ आम्ही हाच समजतो.