नो क्लेम बोनस

नो क्लेम बोनस, संक्षेपाने एनसीबी, म्हणजे विम्याच्या मुदतीत एकही दावा न करणाऱ्या वाहनमालकास पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी विमा हप्त्यात मिळणारी सवलत होय. ‘बोनस’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. दिवाळीच्या बोनसप्रमाणे कोणतीही रक्कम हाती पडत नाही; केवळ हप्ता कमी होतो. प्रस्तुत लेखात भारतातील खासगी मोटारींना लागू असलेल्या पद्धतीचे वर्णन आहे.

स्वरूप व दर

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्या हप्त्यावर ही सवलत मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीतील स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’चा जो हप्ता असतो, तेवढ्यापुरतीच ती मर्यादित आहे. पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के, सलग दोन वर्षांनंतर २५, तीन वर्षांनंतर ३५, चार वर्षांनंतर ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के असा तिचा चढता क्रम आहे. हे टप्पे २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये नमूद असून, २००७ मध्ये ओन डॅमेजचे दर नियंत्रणमुक्त झाल्यानंतरही ते प्रचलित राहिले.

दाव्याचा परिणाम

एक दावा केला तरी सवलत एका पायरीने उतरत नाही, तर शून्यावर येते. दावा किती रकमेचा होता, यास महत्त्व नाही. उदाहरणार्थ, ओन डॅमेजचा मूळ हप्ता १०,००० रुपये व सवलत ५० टक्के असल्यास मालक ५,००० रुपये भरतो. दाव्यानंतरच्या पाच नूतनीकरणांत त्याला अनुक्रमे १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५०० व ५,५०० रुपये भरावे लागतील. म्हणजे एकूण १२,५०० रुपये अधिक. वाहनाचे घोषित मूल्य दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्षातील आकडे वेगळे असतात, परंतु हिशेबाची दिशा हीच राहते. बंपरच्या किरकोळ दुरुस्तीचा खर्च अनेक मालक स्वतःच सोसतात, त्याचे कारण हे. जादा हप्ता भरून ‘एनसीबी प्रोटेक्ट’ हे पूरक संरक्षण घेतल्यास ठरावीक संख्येपर्यंतच्या दाव्यांनंतरही सवलत टिकते. अटी कंपनीगणिक भिन्न असतात.

मालकी व हस्तांतरण

सवलत वाहनाची नसून विमाधारकाची असते, ही बाब जुनी गाडी खरेदी करताना बहुधा दुर्लक्षित राहते. गाडी विकल्यावर विक्रेता आपली सवलत नव्या गाडीकडे नेऊ शकतो. त्यासाठी विमा कंपनीकडून पत्र घ्यावे लागते व तीन वर्षांच्या आत त्याचा उपयोग करावा लागतो. खरेदीदारास ती मिळत नाही. मूळ मालकाच्या मृत्यूनंतर गाडी पती वा पत्नी, अपत्ये किंवा आईवडील यांच्या ताब्यात आली, तर मात्र सवलत त्यांना मिळू शकते. परदेशात मिळवलेली सवलतही पुराव्यानिशी, तेथील पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत, भारतात ग्राह्य धरली जाते. पॉलिसी संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास सवलत लोप पावते.

खोटे घोषणापत्र

कंपनी बदलताना विमाधारक पूर्वी दावा केला नसल्याचे लिहून देतो. हे कथन असत्य ठरल्यास पॉलिसीतील ओन डॅमेज विभागाचे सर्व लाभ जप्त होऊ शकतात. दोन-तीन हजार रुपयांच्या सवलतीपायी लाखाचा दावा फेटाळला जाण्याचा धोका असतो. एजंटाने परस्पर भरलेला अर्ज न वाचता सही करणाऱ्यावरही हीच वेळ येऊ शकते. दुसऱ्या बाजूने, नव्या कंपनीनेही पूर्वीच्या कंपनीकडे २१ दिवसांत लेखी विचारणा करावी, असे टॅरिफमध्ये सांगितले होते. ही विचारणा झाली होती की नाही, हा मुद्दा ग्राहक आयोगांपुढील तंट्यांत उपस्थित केला जातो.