नाक्यावरच्या क्रूसाचं साल वाचून ठेवा

रस्ता रुंदीकरणाची आखणी आली की नाक्यावरच्या जुन्या क्रूसाबद्दल पहिला प्रश्न येतो, हा कधीचा? गावातले म्हातारे सांगतात, "आमच्या आज्याच्या आधीपासून आहे." सरकारी फाइलीला आजा चालत नाही, साल लागतं. आणि ते साल कितीतरी क्रूसांच्या चौथऱ्यावरच कोरलेलं असतं. आपणच त्यावर ऑइलपेंटचे थर चढवलेत, नाहीतर टाइल्स बसवल्यात.

वसईपासून वांद्र्यापर्यंतचे क्रूस एकाच काळातले नाहीत. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्यानंतर इथं क्रूस उभे राहू लागले. जुन्या दगडी क्रूसांवर खिळे, हातोडा, शिडी, काट्यांचा मुकुट, कोंबडा असं कोरलेलं दिसतं. अक्षरओळख नसलेल्यालाही येशूच्या मरणाची गोष्ट वाचता यावी अशी ती चित्रलिपी. खाली कवटी असते, ती गुलगुथाची खूण, म्हणजे 'कवटीची जागा'. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले. इथला ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी मात्र इथंच राहिला, त्याचे क्रूसही राहिले.

दुसरी लाट प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत साथ सुरू झाली. लोक शहर सोडून पळाले, मागोमाग साथही बाहेर पडली. वांद्रे, कुर्ला, मरोळ ही तेव्हा भातशेतीची गावं. तिथं वेशीवर, तिठ्यावर क्रूस उभे राहिले. कुणी साथ गावात शिरू नये म्हणून उभारला, कुणी वाचल्याचा नवस फेडायला. त्या वर्षांत त्या गावावर काय गुदरलं, याची ती दगडातली नोंद आहे.

२९ सप्टेंबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागेवर नवं बेकायदा धार्मिक बांधकाम होऊ देऊ नका, जुन्यांचा निर्णय एकेक प्रकरण तपासून घ्या, असा आदेश दिला. आदेश योग्यच आहे. पण रातोरात उभं केलेलं बांधकाम आणि डांबरी रस्त्याच्या आधीचा क्रूस, यातला फरक दाखवायला पुरावा हवा. एप्रिल २०१७ मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरचा क्रूस महापालिकेने पाडला. तो १८९५ चा, खासगी जागेतला, असं सांभाळणाऱ्यांचं म्हणणं होतं. वाद पुढे कोर्टात गेला, पण तोवर क्रूस पडला होता.

म्हणून मित्रांनो, मे महिन्यात क्रूसापाशी प्रार्थनेला जमाल तेव्हा एवढं करा. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरांचा फोटो काढा. तारेचा ब्रश, ॲसिड लावू नका. जागा कोणाची, हे सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर बघा. एक प्रत चर्चमध्ये, एक ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत द्या आणि पोच घ्या. शेंदराखाली बुजलेल्या वीरगळांसाठीही हेच करा, तोही आपलाच इतिहास आहे.

आपल्या गावच्या क्रूसावर कोणतं साल आहे? फोटो आणि गावाचं नाव कमेंटमध्ये टाका. नोटीस येण्याआधी यादी तयार असलेली बरी.