‘मंजुघोषे’ची प्रस्तावना

परीराज्यातल्या दोन दरबारांचं वैर रंगवणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्या आज आपली नातवंडं वाचतात, आणि आपण म्हणतो, असलं काही आपल्याकडे नव्हतं. नव्हतं कसं? नारो सदाशिव रिसबूड यांची पहिलीच कादंबरी ‘मंजुघोषा’, १८६८ सालची; नाव पुराणातल्या अप्सरेचं. (अप्सरा म्हणजेच आपल्या कोकणातल्या विहिरी-तळ्यांवरच्या ‘आसरा’, हे जाता जाता.) पण आम्हांला महत्त्वाची वाटते ती तिची प्रस्तावना. रिसबूड म्हणतात, आपल्या लग्नाच्या रीतीमुळे आणि इतर कारणांमुळे हिंदूंच्या रोजच्या जगण्यात चटकदार काही सापडत नाही. रंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळणं भाग आहे. पुढे १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी आपल्या निबंधात अशा कादंबऱ्यांतल्या असंभाव्य गोष्टींवर टीका केली. टीका बरोबर होती, पण आमच्या मते अपुरी. मुलगी आठव्या-नवव्या वर्षी बोहल्यावर उभी राहायची, तिथे आपल्या मनाने वर निवडणारी नायिका लेखकाने शोधायची कुठे? शेजारच्या घरात ती नव्हतीच. मग राजकन्या आणावी लागते, तिच्यासाठी राजवाडाही उभारावा लागतो. रिसबुडांना अद्भुताची हौस असेलही. पण अडचण खरी होती, आणि ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.