वाचायला शिकवणारी, बघायला शिकवणारा

प्रौढ बाईला अक्षर शिकवणं आणि संग्रहालयात आलेल्या माणसाला तिथल्या वस्तू समजावून सांगणं, ही दोन कामं वरवर वेगळी वाटतात. एकाला पाटी लागते, दुसऱ्याला काचेचं कपाट. पण ही कामं मनापासून करणाऱ्यांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट सारखीच दिसते. शिकणारा जिथे आहे, तिथे ते स्वतः गेले. आज अशा दोघांची ओळख करून घेऊ. एकीचं काम खाडीपलीकडच्या मुंबईत झालं. दुसऱ्याचं मुंबईत आणि आपल्या किहीमला.

त्याआधी थोडं चरीला जाऊ, कारण अक्षर कशासाठी हवं ते तिथे कळतं. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सभा झाली. खोताची जमीन कसायची नाही, असा संप पुकारला गेला. तो १९३९ पर्यंत चालला. राबायचं कुळाने आणि धान्याचा मोठा वाटा जायचा खोताकडे. कबुलायतीचा कागद लिहायचा दुसऱ्याने, खाली अंगठा द्यायचा कुळाने. संप चालू असतानाच, १९३७ साली, पाटलांनी 'कृषीवल' हे वर्तमानपत्र सुरू केलं. जमिनीच्या लढ्यात वर्तमानपत्र काढावंसं वाटलं, यातच सगळं आलं. नांगराइतकीच लेखणीही लागते.

याच सुमारास, १९३८ साली, मुंबईत कुलसुम सयानी प्रौढ शिक्षणाच्या कामाला लागल्या होत्या. त्या काळी अनेक मुसलमान घरांतल्या बायका पडद्यात असत. वर्ग उघडला तरी त्या तिथवर येणार कशा? म्हणून त्यांनी बाईंना वर्गाकडे बोलावण्याऐवजी शिक्षिकांनाच घरोघर पाठवलं. घरातली कामं सांभाळून, घरातच धडा. आज ही साधी गोष्ट वाटते. पण 'बायका शिकायला येतच नाहीत' असं म्हणून हात झटकणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. येता येत नसेल तर आपण जावं, हे त्यांचं उत्तर होतं.

दुसरी अडचण त्यांनी ओळखली ती अशी. बाई अक्षरं शिकते, पण पुढे वाचायला काही नसलं की ती विसरते. शिळ्या भाकरीसारखी अक्षरं वाळून जातात. म्हणून १९४० साली त्यांनी 'रहबर' नावाचं पाक्षिक सुरू केलं. रहबर म्हणजे वाट दाखवणारा. भाषा सोपी हिंदुस्तानी, बोलण्यातली. लिप्या मात्र तीन : देवनागरी, उर्दू आणि गुजराती. ज्याला जी लिपी येते त्याने तीत वाचावं. या कामाला गांधीजींचा आशीर्वाद होता. घरातला लहान मुलगाही आईला या पाक्षिकात मदत करायचा. तो मुलगा म्हणजे पुढे रेडिओवर घराघरांत पोचलेले अमीन सयानी. सोप्या भाषेत लोकांशी बोलायचं वळण त्यांना आईच्या या पाक्षिकात लागलं. कुलसुमबाईंना पद्मश्री मिळाली आणि १९६९ साली नेहरू साक्षरता पुरस्कार.

आता दुसरे गृहस्थ, सलीम अली. पक्ष्यांचे मोठे अभ्यासक म्हणून त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पण १९२६ साली त्यांनी धरलेली नोकरी होती मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात. आज आपण त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो. तिथल्या प्राणी-पक्ष्यांच्या दालनात येणाऱ्यांना माहिती सांगायची, हे त्यांचं काम. पगार महिना ३५० रुपये. संग्रहालयाची गंमत अशी की तिथे अक्षर न येणाराही शिकू शकतो. डोळे हवेत, आणि जवळ उभं राहून नीट सांगणारा माणूस हवा.

दोन वर्षांनी ते पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेले. १९३० साली परतले तर ती जागाच उरली नव्हती. हाती विद्यापीठाची पदवी नव्हती, नोकरी नव्हती. मग पत्नी तेहमिना यांच्यासोबत ते किहीमच्या घरी राहायला आले. जवळच सुगरण पक्ष्यांचे खोपे होते. ते रोज बसून बघत राहिले. त्यातून जे कळलं ते असं : खोपा विणणारा नर असतो. अर्धा खोपा झाला की मादी येते, आतबाहेर तपासते, पसंत पडला तरच घेते. मादी नांदू लागली की नर दुसरा खोपा विणायला घेतो! किहीमच्या कितीतरी माणसांनी ते खोपे पाहिले असतील. पण बघायचं कसं, टिपून ठेवायचं कसं, हे शिकावं लागतं.

आपल्या गटाला ही दोन्ही कामं एकत्र करता येतील. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी मानाने मांडलेली आहेत. आपल्याही घरी जातं, पायली, विळी, जाळं विणायची सुई आहेच. एका बैठकीला प्रत्येकीने एकेक वस्तू आणावी. ती कुणाची, कुठून आली, ते सांगावं. जिला लिहिता येतं तिने नावाची चिठ्ठी लिहून वस्तूपाशी ठेवावी. जिला येत नाही तिने ती चिठ्ठी वाचायचा प्रयत्न करावा. 'जातं' हा शब्द जात्याशेजारी वाचला की लवकर विसरत नाही. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी सध्या सरकारचा 'उल्लास' कार्यक्रमही आहे. त्याची चौकशी गावच्या जिल्हा परिषद शाळेत करावी.

आणि हे का करायचं, तेही सांगते. आज आपल्या किनाऱ्यावरच्या जमिनीला मोठा भाव आला आहे. कधी माहेरचा भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो, कधी दलाल विक्रीचा कागद घेऊन येतो. 'ताई, इथे फक्त सही कर,' म्हणतात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या कायद्याने दिला आहे. तो सोडायचा की ठेवायचा, हे ज्या त्या बाईने ठरवावं. पण कागद वाचून, सातबारा पाहून, चार दिवस मागून घेऊन ठरवावं. नुसती सही आली म्हणजे साक्षर झालो असं नाही. सहीच्या वर काय लिहिलंय ते कळलं पाहिजे. किहीमची सुगरण तर अर्धा खोपासुद्धा तपासल्याशिवाय घेत नाही.