एका अक्षराचा खटला

इंग्रजी शब्दकोश पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावलेला असतो. त्यामुळे ज्या शब्दाचा शेवट ठाऊक आहे पण सुरुवात ठाऊक नाही, तो कोशात शोधणे कठीण जाते. समजा, चार अक्षरांचा शब्द आहे आणि शेवटची तीन अक्षरे ई, ए, आर अशी आहेत. उपाय सोपा आहे. रिकाम्या जागी ए पासून झेडपर्यंत एकेक अक्षर बसवून पाहायचे. असे केले की बेअर, डिअर, फिअर, गिअर, हिअर, निअर, पेअर, रिअर, टिअर, वेअर, यिअर असे अकरा ओळखीचे शब्द हाती लागतात.

आता सूचक वाक्य वाचू : ‘निरोप घेताना आईच्या डोळ्यांत दिसते.’ अकरांपैकी नऊ शब्द लगेच बाद होतात. उरतात दोन : फिअर म्हणजे भीती आणि टिअर म्हणजे अश्रू. २६ अक्षरांवरून ११ शब्दांवर आणि ११ वरून २ वर आपण आलो ते भाषेच्या ज्ञानामुळे. पण दोनांतून एक निवडायला कोणते ज्ञान उपयोगी पडेल? दोन्ही शब्द तितकेच चपखल आहेत. या शेवटच्या पायरीवरून मुंबईत एक खटला उभा राहिला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

शब्दकोड्याचा जन्म तसा निरागस. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आर्थर विन यांचे पहिले कोडे छापून आले. खऱ्या शब्दकोड्यात आडवा शब्द उभ्या शब्दाला छेदतो. एखाद्या अक्षराविषयी शंका आली तर छेदणारा शब्द ती दूर करतो. म्हणजे कोडे स्वतःच स्वतःचा ताळा देते. पण बक्षिसाच्या कोड्यात संशयाचे अक्षर छेद नसलेल्या चौकोनात ठेवले, तर हा ताळा नाहीसा होतो. मग ‘बरोबर’ उत्तर म्हणजे आयोजकाने आधीच ठरवून पाकिटात बंद करून ठेवलेले उत्तर, एवढाच अर्थ उरतो.

अशा स्पर्धांवर नियंत्रण आणण्यासाठी मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटरी व बक्षीस स्पर्धांविषयी कायदा केला आणि कर बसवला. राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धा सुरुवातीला या कायद्याच्या कक्षेत नव्हत्या. १९५२ च्या दुरुस्तीने त्याही आत आल्या. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कंपनी म्हैसूर राज्यात नोंदलेली होती. तिची कोडी बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकात छापली जात. मात्र साप्ताहिकाचा खप मुंबईत मोठा होता आणि प्रवेशिका व पैसेही मुंबईत गोळा होत. कंपनीने या कायद्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी १९५५ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्या. दीक्षित यांच्या खंडपीठाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी निकालपत्रात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या विलापापासून मनूपर्यंतचे दाखले दिले. निकालाचा गाभा मात्र साधा होता. स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नसेल, तर ती स्पर्धा जुगार ठरते. आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण मिळत नाही.

दरम्यान १९५५ मध्ये संसदेनेही बक्षीस स्पर्धा कायदा संमत केला होता. त्यातील व्याख्या गणिताच्या शिक्षकांनी जरूर पाहावी. अक्षरे, शब्द किंवा आकडे यांची जुळणी, मांडणी, समचय किंवा क्रमचय यांवर आधारलेले कोडे, असे शब्द तिथे चक्क कायद्यात आले आहेत. महिन्याला एकूण बक्षीस १,००० रुपयांपेक्षा अधिक नको आणि एका स्पर्धेत २,००० पेक्षा अधिक प्रवेशिका नकोत, अशा मर्यादाही त्यात घातल्या.

हे आकडे घेऊनच थोडे गणित करू. कोड्यात १० जागा अशा आहेत की प्रत्येकीला दोन शब्द सारखेच शोभतात. एकूण उत्तरपत्रिका २ चा दहावा घात, म्हणजे १,०२४ प्रकारे भरता येईल. एका प्रवेशिकेचे शुल्क चार आणे धरले, तर सर्व शक्यता भरायला २५६ रुपये लागतील. जागा १५ केल्या की शक्यता ३२,७६८ होतात आणि खर्च ८,१९२ रुपयांवर जातो. केवळ पाच जागा वाढल्या, पण खर्च बत्तीसपट झाला.

आता १० जागांच्या कोड्याला २,००० जणांनी निव्वळ अंदाजाने उत्तरे पाठवली असे समजू. सर्व उत्तरे बरोबर येणारे सरासरीने दोघे निघतील. एकच चूक झालेले सुमारे वीस आणि दोन चुका झालेले सुमारे अठ्ठ्याऐंशी. खरी मेख इथे आहे. ते दोघे आपल्या बुद्धीवर खूश होतात. ते वीस जण ‘थोडक्यात हुकले’ म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा पैसे भरतात. प्रत्यक्षात त्यांची बुद्धी इतरांहून तसूभरही सरस ठरलेली नसते. नाणे दहादा उडवले तरी आकड्यांची हीच वाटणी मिळाली असती. महिन्याच्या पगारातून चार-चार आणे काढणाऱ्या माणसाला हे गणित कोणी सांगत नव्हते.

कौशल्य आणि नशीब यांचा हा वाद पुढेही संपला नाही. रमीपासून ऑनलाइन क्रिकेट-संघांच्या स्पर्धांपर्यंतच्या खटल्यांत १९५७ च्या या निकालाचा आधार घेतला गेला. २०२५ मध्ये संसदेने कौशल्य की नशीब हा भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घालणारा कायदा केला.

कायदा काहीही म्हणो, कौशल्य आहे की नाही हे तपासण्याची कसोटी वर्गात करून पाहता येते. लालबाग-परळच्या शाळेत असो की गिरगावच्या, शिक्षकांनी दोन-दोन पर्यायांच्या दहा सूचकांचे कोडे करावे आणि उत्तरे पाकिटात बंद ठेवावीत. अर्ध्या वर्गाने विचार करून उत्तरे लिहावीत, उरलेल्यांनी नाणे उडवून. दोन्ही गटांचे गुण फळ्यावर मांडावेत. दोन्हीकडे बहुतेकांचे गुण पाचाच्या आसपास दिसतील. मग त्याच कोड्यात छेदणारे शब्द घालून प्रयोग पुन्हा करावा. या वेळी विचार करणारा गट पुढे जाईल. शब्दसंपत्तीचे चीज कोठे होते आणि कोठे होत नाही, हे मुलांना आपोआप कळेल. पैसे मागणारे कोणतेही कोडे समोर आले की ताळा कोठे आहे, हा प्रश्न ती आधी विचारतील.