मी घडविलेला बिचवा

गेल्या शिवजयंतीस मंडळाने भरविलेल्या छोट्याशा प्रदर्शनातील बिचवा आपणा पुष्कळजणींना आठवत असेल. तो मी घडविला. संपादिकाबाईंनी त्याची हकीगत लिहाच म्हणून आग्रह केला, म्हणून हे चार शब्द.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली, हे आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक असते. पण सगळे बोलतात ते वाघनखांविषयी! सभासदाने आपल्या बखरीत वाघनखांबरोबर बिचव्याचेही नाव घेतले आहे, तो बिचारा मागेच राहतो. मला त्याचीच ओढ लागली.

बिचवा म्हणजे दुधारी, आखूड खंजीर. पाते एकदा एका अंगाला वळते आणि टोकाकडे पुन्हा उलट फिरते. विंचवाच्या नांगीवरून त्याला हे नाव पडले. मुळात हा आकार म्हशीच्या शिंगावरून आला, असे जाणकार मानतात. मूठ म्हणजे नुसते लोखंडाचे कडे; त्यात बोटे घालून आवळायचे.

पुठ्ठ्याचा नमुना कापून मी पातळ लोखंडी पट्टीचे पाते केले आणि घरातल्या जुन्या लोडात खुपसून पाहिले. ते चक्क वाकले! आमच्या गल्लीतले लोहारदादा म्हणाले, "बाई, याला कणा कुठं आहे?" जुन्या पात्यांच्या मधोमध उंच शीर असते. संग्रहालयात काचेतून पाहताना मी तिला निव्वळ नक्षी समजले होते.

मग मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद घेतले. दादांनी ठोकले, मी सांडशीत धरले. पाण्यात विझविताना पहिल्या पात्याला तडा गेला. दुसरे तेलात विझविले, ते टिकले. त्यानंतर तीन आठवडे दुपारची कानस चालली होती. (शेजारणींनी ती सोसली, त्यांचे उपकार.) धार मात्र मुद्दाम लावली नाही.

यजमानांचा लांब बाह्यांचा सदरा घालून बिचवा अस्तनीत लपवून पाहिला, तर बाहेर काढताना तो दर वेळी कडेच्या खरबरीत कोपऱ्यात अडके. कोपरा घासून गुळगुळीत केला, तेव्हा सरकन निघाला. एवढ्याशा कोपऱ्यावर माणसाचा जीव अवलंबून राहिला असता, या विचाराने हात थरथरला.

प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी एका आजींनी बिचव्याला हळदकुंकू वाहिले आणि विचारले, "महाराजांचाच ना हा?" मी मान हलविली. का, ते आजही सांगता येत नाही. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यास आली होती. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे ती होती आणि त्यांच्या डबीवर शिवाजी महाराजांचे नाव आहे. तरी ती महाराजांचीच हे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. हे मैत्रिणींना ठणकावून सांगणारी मीच, आणि आजींपुढे मान हलवून मोकळी झाले!

रात्री झोप लागली नाही. सकाळी चिठ्ठी ठेवली : 'नक्कल. मोटारीच्या कमानपाट्याचे पोलाद.' दुपारी आजी नातवंडांना घेऊन पुन्हा आल्या. चष्मा लावून त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मी मान खाली घालून उभी होते.

"म्हणजे हा तू केलास होय?" त्या म्हणाल्या. "मग काढ बाहेर, पोरांच्या हातात दे बघू."